बाकावरची मुलगी

गेल्या पंधरवड्यातल्या पत्रांमधलं एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. एका भगिनीनं लिहिलंय, "माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या बास्केटबॉल संघात तिची निवड झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण वर्ष होत आलं, तिला नुसतं बाकावर बसवून ठेवतात. सामन्याच्या दिवशी गणवेश घालून जायचं, इतर मुलींच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या आणि संध्याकाळी तोंड पाडून घरी यायचं. पुढच्या वर्षी दहावी. हे म्हणतात, बंद करा ते खेळणं. माझं मन मात्र होत नाही. काय करू?"

एरवी मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं. 'तिला काय वाटतं ते आधी विचारा' वगैरे. पण हे पत्र वाचताना मला एक सबंध मोसम आठवला. माझा नव्हे हो! मी शाळेत लंगडीच्या पुढे गेले नाही. अमेरिकेतल्या बायकांच्या एका संघाचा, २०२५ सालचा. तो मी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून, मोबाइल पोळपाटाला टेकवून पाहिला. थोडं लांबण लागेल, पण ऐका.

आमच्या वन्सं इंडियानापोलिसला राहतात. तिथं 'इंडियाना फीव्हर' नावाचा बास्केटबॉलचा संघ आहे. फीव्हर म्हणजे ताप. असलं नाव कुणी नि का ठेवलं कोण जाणे; आमच्या सासूबाई तर त्यांना सरळ 'तापाच्या पोरी' म्हणतात. अमेरिकेत बायकांची व्यावसायिक लीग आहे, डब्ल्यूएनबीए. तिचे सामने १९९७ साली सुरू झाले. हा संघ २००० साली त्यात आला आणि २०१२ साली एकदा विजेताही झाला. पुढे मात्र त्याला उतरती कळा लागली. २०२२ साली छत्तीस सामन्यांपैकी जिंकले किती, तर पाच! प्रेक्षागृहात खुर्च्या अधिक नि माणसं कमी. वन्सं सांगतात, तेव्हा तिकीट काढायला कुणी विचार करत नसे.

मग २०२४ साली केटलिन क्लार्क आली. कॉलेजात असतानाच तिचं नाव सगळीकडे झालं होतं. लांबून, अगदी मध्यरेषेच्या जवळून चेंडू टाकायची आणि तो जाळीत पडायचा. फीव्हरनं तिला घेतलं आणि एका वर्षात घरच्या सामन्यांना सरासरी १७ हजारांवर माणसं येऊ लागली. वन्संनी आमच्या लेकीला तिच्या २२ नंबरचा बनियन पाठवला. लेक आठवीत. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. भिंतीवर क्लार्क, वहीच्या कव्हरवर क्लार्क, आणि अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर चेंडूचे गोल गोल डाग.

तर २०२५ चा मोसम. मे महिन्यात सुरू झाला, एकूण चव्वेचाळीस सामने. स्टेफनी व्हाइट ही नवी प्रशिक्षक आली. नवी कसली, माहेरवाशीणच म्हणायची. इंडियानाचीच मुलगी, पूर्वी याच संघातून खेळलेली आणि याच संघाला शिकवूनही गेलेली. यंदा काहीतरी होणार अशी सगळ्यांची खात्री. पहिलाच सामना पस्तीस गुणांनी जिंकला. आणि मग क्लार्कच्या मांडीचा स्नायू दुखावला. पाच सामने बाहेर. जूनच्या मध्यावर परत आली, आल्या आल्या न्यूयॉर्कविरुद्ध बत्तीस गुण केले. आमच्या घरात त्या दिवशी शिरा झाला. पंधरा दिवस गेले नाहीत तो जांघेचा स्नायू. पुन्हा परत आली. १५ जुलैला बॉस्टनच्या सामन्यात, अगदी शेवटच्या मिनिटाला, दुसऱ्या बाजूचा स्नायू. ती खांबाला डोकं टेकवून उभी राहिली ते दृश्य लेकीनं पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवून उठून गेली.

या मुलीनं कॉलेजात चार वर्षं आणि पहिल्या मोसमात एकही सामना चुकवला नव्हता. २०२५ मध्ये ती चव्वेचाळीसपैकी तेराच सामने खेळू शकली. सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर झालं, आता या वर्षी नाही.

लेकीनं पाहणं सोडलं. "क्लार्क नाही तर काय बघायचं?" असं तिचं म्हणणं. आणि गंमत अशी, की तिच्यामुळे बघायला लागलेली मी मात्र थांबू शकले नाही. कारण खरी गोष्ट तिथूनच पुढे सुरू झाली.

घरात साथीचा ताप आला की कसं होतं? एक उठतो तो दुसरा पडतो. तसं झालं. ७ ऑगस्टला एकाच सामन्यात दोघी गेल्या. सिडनी कोल्सनच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं आणि आरी मॅकडोनल्डच्या पायाचं हाड मोडलं. दहा दिवसांनी सोफी कनिंगहॅमचा गुडघा. मग क्लोई बिबीचा गुडघा. क्लार्क धरून पाच जणी मोसमाबाहेर! खेळतात पाचच जणी हे खरं, पण २०२५ साली संघात फार तर बारा जणी असत. आळीपाळीनं विश्रांती मिळायला नको का?

यावर त्या लीगची एक सोय आहे. खेळता येईल अशा दहाही जणी उरल्या नाहीत की संघाला बाहेरून कुणाला तरी तात्पुरतं बोलावता येतं. अडचणीपुरता करार. पगार दिवसांच्या हिशेबानं. आजारी बाई बरी होऊन हजर झाली की या बाईनं पिशवी उचलायची.

हे वाचलं आणि मी पोळी तव्यावर विसरले.

मैत्रिणींनो, तुम्हांला ठाऊक आहेच, मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. जितके तास तितके पैसे. मे महिना कोरडा, दिवाळीची सुट्टी कोरडी. एखाद्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या की मला निरोप येतो. त्या हजर झाल्या की मी पेपर, गुणपत्रक आणि कपाटाची किल्ली त्यांच्या हाती देते. हजेरीपटावर माझं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. खोडायला सोपं पडतं म्हणून. कुणी अपमान करत नाही, चहा सगळ्यांबरोबर मिळतो. पण स्नेहसंमेलनाच्या फोटोला उभं राहताना आपण कुठल्या रांगेत उभं राहायचं हे दर वर्षी नव्यानं कळत नाही.

तर ती आरी मॅकडोनल्ड. हाड मोडलं ती. ती जूनमध्ये अशाच अडचणीच्या करारावर आली होती. तीन सामने खेळली, छान खेळली. दुखावलेल्या परत आल्या, हिला घरी पाठवलं. दोन आठवड्यांत डिवाना बॉनर या अनुभवी खेळाडूचं आणि संघाचं काही जमेना, तिला मोकळं केलं आणि हिला पुन्हा बोलावलं. ही आली! मी असते तर आले असते का? आले असते. दोनदा बोलावणं आलंय, दोनदाही गेलेय. ऑगस्टात तिचा पाय मोडला तोवर संघाचा सगळा खेळ ती चालवत होती.

तिच्या जागी ओडिसी सिम्स आली. वयानं तिशी ओलांडलेली, एका मुलाची आई. एके काळी २०१४ साली साऱ्या नव्या मुलींत दुसऱ्या क्रमांकानं निवडली गेलेली, आणि याच मोसमात दुसऱ्या संघानं सोडून दिलेली. शे पेडी आली, ती तर छत्तिसाची. चार दिवसांत नव्या घरची रीत शिकायची. कुणाला चेंडू कुठं लागतो, कोण कुठून धावतं, प्रशिक्षकानं हात वर केला म्हणजे काय. नव्या सुनेला मीठ-मिरचीचे डबे सापडायला वर्ष लागतं. यांना सामन्याआधी दोन-तीनदा सराव मिळाला तरी खूप.

आणि जुनी सून होती केल्सी मिचेल. हिच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २०१८ साली ती या संघात आली. त्या वर्षी संघानं सहा सामने जिंकले. २०२१ सालीही सहाच. त्यापुढच्या वर्षीचे ते पाच वर सांगितलेच. दुसरी असती तर सोडून गेली असती. ही राहिली. २०२४ च्या मार्चमध्ये तिचे वडील गेले, त्याच वर्षी क्लार्क आली, लोक आले, कॅमेरे आले. मिचेल शांतपणे आपलं काम करत राहिली. २०२५ मध्ये सगळ्या पडत होत्या तेव्हा ती चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस सामने खेळली आणि सरासरी वीस गुण काढले. १७ ऑगस्टला कनेटिकटविरुद्ध संघ एकवीस गुणांनी मागे होता, सोफी लंगडत बाहेर गेलेली. मिचेलनं एकटीनं अडतीस गुण केले आणि जादा वेळात सामना जिंकून दिला. सासूबाई म्हणाल्या, "ही मुलगी बोलत नाही फारशी, पण घर हिच्यावर चाललंय."

पैशाचं काय, असं ह्यांनी विचारलंच. २०२५ साली त्या लीगमधला किमान पगार मोसमाला ६६ हजार डॉलर होता आणि जास्तीत जास्त अडीच लाखांच्या आत. आपल्या रुपयांत करून पाहिलं की डोळे विस्फारतात. पण तिथली घरभाडी तिथली, आणि पुरुषांच्या लीगमध्ये अगदी नवख्यालाही दहा लाख डॉलरच्या वर मिळतात. २०२४ पर्यंत या बायका साध्या विमानांनी, इतर प्रवाशांत गुडघे पोटाशी घेऊन सामन्यांना जात. सहा-सहा फूट उंच हं! कित्येक जणी मोसम संपला की चार पैशांसाठी परदेशात खेळायला जात. २०२५ च्या जुलैत इंडियानापोलिसलाच निवडक खेळाडूंचा प्रदर्शनी सामना झाला, तेव्हा साऱ्या जणी 'आमचं देणं आम्हांला द्या' अशा अर्थाचे शब्द छापलेले सदरे घालून मैदानात उतरल्या. वन्सं तिथं हजर होत्या. म्हणाल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पगाराच्या मागणीला प्रेक्षक टाळ्या वाजवतात हे मला नवीनच.

असो. चोवीस सामने जिंकून, वीस हरून हा लंगडा-पांगळा संघ बाद फेरीत पोचला. पहिली गाठ अटलांटाशी. तीनांतले दोन जिंकायचे. पहिला हरल्या. दुसरा घरी जिंकल्या. तिसरा अटलांटाच्या मैदानावर. आपल्याकडे तेव्हा पहाटेची वेळ. मी दूध तापवायला म्हणून उठले आणि उभीच राहिले. शेवटचे सात-साडेसात सेकंद उरले असताना आलिया बॉस्टननं चेंडू बास्केटमध्ये टाकला, आणि पलीकडच्यांनी चेंडू खेळात आणताच लेक्सी हलनं तो झडप घालून पळवला. ८७-८५! बाद फेरीतली एक पायरी या संघानं २०१५ नंतर पहिल्यांदाच चढली. मिचेलचे चोवीस गुण, आणि त्या अडचणीच्या सिम्सचे सोळा. दूध उतू गेलं ते गेलंच. लेक डोळे चोळत बाहेर आली आणि म्हणाली, "आई, ओरडलीस का?"

ती पुन्हा बघायला बसली ती त्या दिवसापासून.

उपान्त्य फेरीत लास व्हेगासचा एसेस संघ. २०२२ आणि २०२३ चे विजेते. त्यांच्याकडे ए'जा विल्सनसारखी खेळाडू. कुणी फीव्हरला एक सामनाही देत नव्हतं. पहिलाच सामना त्यांच्या घरी जाऊन जिंकला, मिचेलचे चौतीस. पुढचे दोन हरल्या, चौथा जिंकल्या. दोन-दोन. पाचवा सामना तिथल्या ३० सप्टेंबरच्या रात्री, म्हणजे आपली खंडेनवमीची सकाळ.

आमच्याकडे विळी, अडकित्ता, शिलाई यंत्र, ह्यांची पाना-पक्कड, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलेलं. लेकीनं आपला बास्केटबॉलही आणून ठेवला. सासूबाईंनी काही न बोलता त्यालाही गंध लावलं. मी हळदकुंकवाची ताटं एका हातात धरून दुसऱ्या हातात मोबाइल. तिसऱ्या भागात मिचेल एकाएकी खाली पडली. तिला उठताच येईना. कुणाचा धक्का नाही, काही नाही. पाय हलेनात. तिला उचलून नेलं, तिथून इस्पितळात. नंतर कळलं, अतिश्रमानं स्नायूंचे तंतू तुटायला लागतात तो प्रकार. काही सेकंद कमरेखाली जाणीवच उरली नव्हती. चव्वेचाळीस अधिक आठ. बावन्न सामने ती खेळली होती, आणि शरीरानं त्या सकाळी 'आता पुरे' म्हटलं.

मला वाटलं संपलं. पण नाही संपलं. उरलेल्या बायका खेळत राहिल्या. सामना संपत आला असताना बॉस्टनचे सहा फाऊल भरले, तीही बाहेर. तरी बरोबरी. जादा वेळ! मैदानावर पाहते तर मोसमाच्या सुरुवातीच्या ओळखीचे चेहरे किती उरले होते? चेंडू सिम्सच्या हातात. ऑगस्टात दिवसांच्या हिशेबावर आलेल्या बाईच्या हातात. तिनं त्या सामन्यात सत्तावीस गुण केले. शेवटी एसेस १०७, फीव्हर ९८. विल्सनचे पस्तीस, जॅकी यंगचे बत्तीस. एसेसनं पुढे अंतिम फेरीही सगळी जिंकली.

लेक रडली नाही. तिनं बराच वेळ बाकावर बसलेल्या क्लार्ककडे बोट दाखवून पाहिलं. साध्या कपड्यांत, दर वेळी उठून टाळ्या वाजवणारी, येणारीच्या हातात टॉवेल देणारी. "आई, तिला पण बसावंच लागलं ना?" एवढंच म्हणाली.

दिवाळीनंतर आमच्या शाळेत रजेवरच्या बाई हजर झाल्या. मी किल्ली दिली. त्यांनी बाळाचा फोटो दाखवला, फार गोड आहे. नववी 'ब'च्या पोरींनी मला एक पेन दिलं. यंदाही बोलावतील की नाही ठाऊक नाही.

आता, पत्र लिहिणाऱ्या बाई, तुमच्याकडे वळते. लेकीला खेळ सोडायला लावू नका. एवढ्यात तरी नको. तिच्या सरांना किंवा बाईंना जाऊन भेटा, पण 'माझ्या मुलीला का खेळवत नाही' असं विचारायला नव्हे. 'तिनं कशाचा सराव केला तर तिला घ्याल' एवढंच विचारा. उत्तर नेमकं मिळालं तर ते घरी येऊन भिंतीवर लावा. मिळालं नाही तर मला पुन्हा लिहा, मग वेगळा विचार करू. अभ्यासाची भीती ह्यांना वाटते ते चूक नाही. आठवड्यातले सरावाचे दिवस आणि अभ्यासाचे तास कागदावर मांडून दाखवा, पुरुषमाणसांना कागद पटतो.

बाकावर बसलेली मुलगी एकदम मैदानात उतरते तेव्हा तिचं अंग थंड असतं, म्हणून बसल्या जागी अधूनमधून उठून तिनं हातपाय मोकळे करत राहायला हवेत. आणि गुडघे सांभाळा. गुडघ्यातलं ते लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये बरंच अधिक आहे. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. किंचित वाकवून, दोन्ही पायांवर, मांजरासारखं हलकं उतरायचं. आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं असा सराव केला तर दुखापती कमी होतात हे तपासून पाहिलेलं आहे. आमची लेक ओट्यासमोरच्या फरशीवर करते, खालच्या बिऱ्हाडाची माफी मागून. फार श्रमानंतर स्नायू विलक्षण दुखले, पायातलं बळ गेलं आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर लिंबूसरबत देत घरी बसू नका, तडक डॉक्टरांकडे न्या. बूट मात्र तिच्या मापाचेच घ्या. 'पुढच्या वर्षी होतील' म्हणून एक नंबर मोठे घ्यायची आपली सवय इथं चालायची नाही.

तिच्या संघाचा पुढचा सामना कधी आहे, तेही कळवा.